राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका खासगी कंपनीत नऊ वर्षांपासून अकाउंट्स विभागात काम करते. पगार महिना ४६ हजार रुपये. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याला अचानक धूसर दिसू लागले, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाला इजा करणाऱ्या दीर्घ आजाराचे, निदान झाले. दर सहा महिन्यांनी एक दिवस रुग्णालयात दाखल होऊन सलाइनमधून रिटुक्सिमॅब हे औषध घ्यावे लागते. तो खर्च कंपनीच्या पाच लाखांच्या ग्रुप मेडिक्लेममधून होतो. पती, मुलगा आणि सासूबाईही त्याच पॉलिसीत आहेत. पतींचा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे घरात दुसरा विमा नाही. मागच्या महिन्यात एचआरने बोलावून सांगितले, की माझ्या क्लेममुळे कंपनीचा हप्ता वाढणार आहे. मी तब्येतीला जपावे, ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा द्यावा, सगळा हिशेब लगेच चुकता करू आणि बरे वाटल्यावर पुन्हा घेण्याचा विचार करू. दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत झाली आहे, पण तिथे वैद्यकीय तपासणी आहे. राजीनामा द्यावा का? नव्या ठिकाणी आजार लपवावा का? आणि विमा मध्येच गेला तर काय करावे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : राजीनामा देऊ नका. निदान तुमच्या हातात दुसऱ्या नोकरीचे नेमणूकपत्र आणि स्वतःच्या नावाच्या विम्याचा लेखी निर्णय, या दोन्ही गोष्टी येईपर्यंत तरी ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. कंपनीने तुम्हाला काढले, तर त्याची कारणे तिला द्यावी लागतात, नोटीस द्यावी लागते आणि पुढे जाब विचारण्याचा मार्ग तुमच्यासाठी खुला राहतो. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात, की यातले जवळजवळ सगळे संपते. दबावाखाली लिहून घेतलेला राजीनामा कायद्यापुढे टिकत नाही हे खरे. पण दबाव होता हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो आणि बंद दाराआड झालेल्या तोंडी बोलण्याचा पुरावा मिळणे अवघड असते.

‘सगळा हिशेब लगेच चुकता करू’ या वाक्याला फार महत्त्व देऊ नका. नऊ वर्षांच्या नोकरीवरची ग्रॅच्युइटी, म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम, ही तुमची कायदेशीर कमाई आहे. भविष्यनिर्वाह निधी तुमचाच आहे आणि आजारपणासाठी त्यातून काही रक्कम नोकरी न सोडताही काढता येते. जे तुम्हाला केव्हाही मिळणारच आहे, ते मिळवण्यासाठी नोकरी सोडण्याची गरज नाही. ‘बरे वाटल्यावर पुन्हा विचार करू’ हे आश्वासन तर कुठेच लिहिलेले नाही, आणि ज्या आजारात वर्षानुवर्षे औषध चालू ठेवावे लागते त्यात ‘बरे वाटणे’ नेमके कोणी आणि कशावरून ठरवायचे, हाही प्रश्न उरतोच.

हप्ता वाढण्याविषयी एचआरने जे सांगितले त्यात थोडे तथ्य आहे. ग्रुप पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी वर्षभरात किती हप्ता आला आणि किती क्लेम दिले गेले हे पाहते आणि त्यावरून पुढचा दर सांगते. परंतु ते गणित संपूर्ण गटाचे असते. त्यात इतरांची बाळंतपणे असतात, पावसाळ्यातले डेंग्यू असतात, सासूसासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया असतात. वर्षातून दोनदा एकेक दिवसाचे उपचार घेणाऱ्या एका कर्मचाऱ्यावर त्या वाढीचा भार टाकणे अन्यायाचे आहे. विमा हा अशाच वेळेसाठी उतरवलेला असतो, आणि तो वापरल्याबद्दल तुम्ही ओशाळे होण्याचे कारण नाही. पत्रात तुम्ही दोन ठिकाणी ‘कंपनीला माझ्यामुळे त्रास’ असे लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता पहिले काम. झालेले बोलणे कागदावर आणा. एचआरला ऑफिसच्या मेलवरून चार ओळी लिहा आणि ती मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरही पाठवून ठेवा. मजकूर साधा असावा : ‘अमुक तारखेच्या बैठकीत आपण मला आरोग्याच्या कारणावरून राजीनामा देण्याविषयी सुचवलेत. मी राजीनामा देऊ इच्छित नाही. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी मला सध्याचे काम करण्यास योग्य ठरवले असून तसे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. सहा महिन्यांतून एकदा उपचारासाठी लागणारी रजा मी आगाऊ कळवीन.’ राग, आरोप, कायद्याची कलमे यांपैकी काहीही त्यात नको. एचआरने तोंडीच उत्तर दिले, तर तेही दुसऱ्या मेलमध्ये ‘आपण असे म्हणालात, असे मी समजते’ एवढे लिहून नोंदवा. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना त्यात रोगाचा इतिहास नको. काम करण्याची क्षमता आणि आवश्यक त्या सवलती एवढेच लिहून घ्या. अहवाल, एमआरआयच्या प्रती, औषधाच्या चिठ्ठ्या एचआरकडे देऊ नका. क्लेमची कागदपत्रे थेट टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेकडे, तिच्या पोर्टलवरून पाठवता येतात. ती एचआरच्या टेबलावरून जाण्याची गरज नाही.

कायद्याचा आधार किती आहे, हे आता सांगते. तो आहे, पण हवा तितका भक्कम नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. हा कायदा दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभावाला मनाई करतो, आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी नाकारणे हाही भेदभावच आहे असे त्याच्या व्याख्येत म्हटले आहे. प्रत्येक आस्थापनेने, खासगी कंपनीनेसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात द्यायच्या सोयींचा आणि संपर्क अधिकाऱ्याचा तपशील हवा. तुमच्या कंपनीचे ते धोरण मागा. पुष्कळ ठिकाणी ते केलेलेच नसते, आणि नुसती मागणी झाली तरी समोरच्याची भाषा बदलते. मात्र नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला काढता येणार नाही, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागेल, ही कायद्यातली स्पष्ट हमी सरकारी आस्थापनांपुरती आहे. खासगी कर्मचाऱ्याला तेवढे स्पष्ट संरक्षण कायद्याने दिलेले नाही. ते द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. पण तुम्हाला आज निर्णय घ्यायचा आहे, तेव्हा आजचा कायदा जसा आहे तसाच धरून चालावे लागेल.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय मंडळ करते. आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. या आजारात झटका येऊन गेल्यावर माणूस पुष्कळसा पूर्ववत होतो, त्यामुळे तुमची टक्केवारी कमी भरण्याची शक्यता आहे. तरीही अर्ज करावा, असे मी म्हणेन. प्रमाणपत्र मिळाले म्हणून ते कंपनीला दाखवलेच पाहिजे असे नाही, पण ज्या दिवशी सोय मागायची किंवा तक्रार करायची वेळ येईल, त्या दिवशी ते हाताशी असावे. तक्रार आधी कंपनीच्या प्रमुखाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. राज्याच्या आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. तरी अशा पत्राला कंपन्या सहसा केराची टोपली दाखवत नाहीत.

सोय मागताना ती नेमकी मागा. ‘मला सांभाळून घ्या’ या विनंतीला उत्तर देता येत नाही. ‘एप्रिल आणि मे महिन्यांत माझे टेबल शॉप फ्लोअरला लागून असलेल्या पत्र्याच्या केबिनमधून वातानुकूलित भागात हलवावे’ या विनंतीला हो किंवा नाही म्हणावेच लागते. तुमची केबिन तशी असल्याचे तुम्ही लिहिलेच आहे. शरीराचे तापमान वाढले की मल्टिपल स्क्लेरोसिसची लक्षणे तात्पुरती बळावतात, दृष्टी पुन्हा धूसर होते, पाय जड वाटतात. हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे आणि डॉक्टर तसे लिहून देतील. महिनाअखेरच्या कामानंतर एक दिवस घरून काम, सलाइनच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी रजा, जीएसटी विवरणपत्रांच्या तारखा टाळून उपचाराची तारीख : एवढे मागितले तर कंपनीचे काही अडत नाही आणि पुढे ‘काम जमत नव्हते’ असे म्हणणेही तिला अवघड जाते.

यापलीकडे जाऊन कंपनीने खरोखरच काढले, तर तुम्ही कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहात की नाही हे पाहावे लागेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यातही पूर्वीप्रमाणेच पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचे आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’ असले, तरी दिवसभर व्हाउचर नोंदवणे, बँकेचा ताळा घालणे, बिले तपासणे हेच काम असेल आणि हाताखाली कोणी नसेल, तर तुम्ही कामगार ठरू शकता. तशा कर्मचाऱ्याला कपात म्हणून काढायचे, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. हा वाद दोन वर्षांच्या आत उपस्थित करावा लागतो, म्हणून ‘आधी बरी होते, मग बघते’ असे करून चालणार नाही. या टप्प्यावर मात्र कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा.

आता विम्याकडे वळते, कारण तुमच्या घराला खरा धोका तिथे आहे. ग्रुप मेडिक्लेम हा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो. तुम्ही त्यातल्या केवळ सदस्य आहात. त्याचा मोठा फायदा असा, की बहुतेक ग्रुप पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. आणि तोटा असा, की कंपनीच्या यादीतून तुमचे नाव वगळले गेले की तुमच्यासह चौघांचे संरक्षण संपते. ते शेवटच्या कामाच्या दिवशी संपते की महिनाअखेरीस, हे पॉलिसीत लिहिलेले असते. म्हणून पॉलिसीची संपूर्ण प्रत मिळवा. ई-कार्ड म्हणजे पॉलिसी नव्हे. प्रतीत तीन जागा वाचा : सदस्यत्व कधी संपते, खोलीभाड्याची मर्यादा किती, आणि इम्युनोथेरपी किंवा मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शन या शीर्षकापुढे काही कमाल रक्कम आहे का. रिटुक्सिमॅब या प्रकारात मोडते. असे उपचार आधुनिक आहेत एवढ्यावरून विमा कंपन्यांनी ते नाकारू नयेत, असे विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्येच सांगितले. मात्र रकमेची मर्यादा घालण्याची मुभा ठेवली.

नोकरी सुटत असेल, तर तुमच्यासाठी सर्वांत मोलाचा नियम मायग्रेशनचा आहे. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय मिळतो, आणि ग्रुपमध्ये सलग काढलेल्या काळाचे श्रेय प्रतीक्षा कालावधीत धरले जाते. नवीन वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागू शकते. २०२४ पूर्वी ही कमाल ४८ महिने होती. हा काळ ग्रुपमध्येच भरून निघाला असेल, तर तो पुन्हा काढावा लागू नये, हा मायग्रेशनचा सारा अर्थ आहे. पण येथे दोन अडचणी येतात. एक म्हणजे, विमा कंपनी तुमच्या प्रकृतीची छाननी करून हप्ता वाढवू शकते किंवा अटी घालू शकते. दुसरी अशी, की कंपन्या दर वर्षी-दोन वर्षांनी विमा कंपनी बदलतात आणि मागच्या वर्षांचा पुरावा कर्मचाऱ्याकडे नसतो. म्हणून एचआरकडून आणि टीपीएकडून नऊ वर्षांतील जितक्या वर्षांचा मिळेल तितक्या वर्षांचा सदस्यत्वाचा दाखला आजच, नोकरीत असतानाच मागून घ्या. नोकरी सुटल्यावर ते मेल कोणी उघडत नाही. अर्जही शेवटच्या दिवसाच्या किमान महिनाभर आधी विमा कंपनीला थेट करा. नाही म्हटले, तर कारणासह लेखी नकार मागा. विमा कंपनीच्या तक्रार विभागाने महिनाभरात समाधान केले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यातही आहे.

मायग्रेशन न करता कोऱ्या पाटीने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी मागायला गेलात, तर अनुभव कडू येण्याची शक्यता धरून ठेवा. ग्राहकाने मान्य केल्यास पॉलिसीतून कायमचे वगळता येतील अशा आजारांची जी यादी नियामकाने २०१९ मध्ये दिली, तिच्यात तुमचा आजार ज्या गटात येतो तो गट होता. म्हणजे हृदय, अपघात, शस्त्रक्रिया सगळ्याला विमा, पण मल्टिपल स्क्लेरोसिसला नाही, अशी पॉलिसी पुढे येऊ शकते. दुसरे काहीच मिळत नसेल, तर तीही घ्यावी. २०२३ मध्ये नियामकाने सर्व आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांग व्यक्ती, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी खास पॉलिसी ठेवण्यास सांगितले आहे. रक्कम चार-पाच लाखांच्या घरात असते आणि प्रतीक्षा कालावधीही असतो. तरी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्याचे हे आणखी एक कारण.

पती आणि मुलासाठी मात्र थांबू नका. ते निरोगी आहेत, तेव्हा त्या दोघांचा वेगळा फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी, याच महिन्यात घ्या आणि त्यात स्वतःचे नाव घालण्याचा मोह टाळा, नाहीतर तुमच्या छाननीत त्यांचाही प्रस्ताव अडकून पडेल. सासूबाईंसाठी वेगळी पॉलिसी बघा; वयामुळे सरसकट दार बंद करता येणार नाही, असे २०२४ पासूनचे धोरण आहे, पण हप्ता जड असेल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेवढाच दिलासा.

नव्या नोकरीबद्दल. मुलाखतीत कोणी विचारल्याशिवाय आजार सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही, आणि सांगूही नये. तिथे तुमचे काम बोलू द्या. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर थेट प्रश्न असेल, तर खोटे लिहू नका, कारण पुढे तेच कारण दाखवून काढणे सोपे होते. ‘आजार आहे, नियमित उपचार चालू आहेत, हे काम करण्यास योग्य असल्याचे तज्ज्ञांचे प्रमाणपत्र सोबत आहे’ एवढे पुरे. विम्याच्या प्रस्तावात तर एक अक्षरही लपवू नका. एजंट ‘ते लिहायची गरज नाही’ म्हणाला, तर एजंट बदला. साठ महिने सलग पॉलिसी चालली, की माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही हे खरे आहे, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि तुमच्याकडे साठ महिने वाट पाहण्याची सोयही नाही. नेमणूकपत्र आल्यावर, होकार कळवण्याआधी, तिथल्या एचआरकडे ग्रुप मेडिक्लेमची माहिती मागा. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का आणि कुटुंबातले कोण कोण येते, हे कोणीही विचारतो. त्यावरून कोणाला काही कळत नाही.

तुमच्यासारखेच पत्र लिहिणाऱ्या, पण २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या वाचकांसाठी येथे थोडे लिहून ठेवते. त्यांना ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, संरक्षण असते, आणि ते खासगी ग्रुप विम्यापेक्षा एका बाबतीत बरेच सरस आहे : नुसते रुग्णालयाचे बिल नव्हे, तर बुडालेल्या पगाराची भरपाईही मिळते. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के, आणि कर्करोग, क्षयरोग यांसारख्या यादीतल्या ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षे सलग नोकरी झाली असल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. महाराष्ट्रातील सर्व रहिवासी कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते संलग्न रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच मिळते, म्हणून तुमच्या औषधासाठी त्यावर विसंबू नका, पण घरातल्या इतरांची नोंदणी करून ठेवा.

पुढची सलाइनची तारीख पाहा. नोकरी बदलणे ठरलेच, तर ती तारीख सध्याच्या नोकरीच्या नोटीस पिरियडमध्ये येईल अशा बेताने राजीनाम्याचा दिवस ठरवा, कॅशलेसची मंजुरी आधी घ्या, आणि नव्या ठिकाणी रुजू होण्याचा दिवस इथल्या शेवटच्या दिवसाला लागूनच ठेवा, म्हणजे पुढच्या सलाइनपर्यंत तुमच्या हाती सहा महिने राहतील. त्या काळात औषधाचा खर्च कसा भागवतात हे इतर रुग्णांकडून समजून घ्यायचे असेल, तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, तिथे जा. एचआरला पाठवायच्या मेलचा मसुदा मला आधी पाठवलात, तर मी तो वाचून देईन.